मैनेच्या मागच्या पायाची पट्टी

आमची मैना काठियावाडी घोडी. सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेली, अंगाने सडपातळ, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली आणि डोकं जरा तापट. ऐन श्रावणात तिचा उजवा मागचा पाय बांधावरच्या काटेरी तारेत अडकला. खुरावरच्या सांध्याच्या चार बोटं वर, नळीवर आडवी चीर. रक्त बरंच गेलं, पण ती पायावर भार टाकत होती, तेवढंच काय ते बरं.

डॉक्टर येईपर्यंत सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे हळद दाबा, कुणी चुना लावा, एकजण तर ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घेऊनच आला. आईने सगळ्यांना ओट्यावर बसवून चहा दिला, म्हणून जखम वाचली. डॉक्टरांनी आल्या आल्या आजूबाजूचे केस कापले, सलाइनच्या बाटलीला जाड सुईने भोक पाडून ती दाबत जखमेवर धार सोडली आणि बराच वेळ सोडतच राहिले. घाव सांध्यात किंवा टेंडनच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या, आवरणात उतरलाय का, हे त्यांनी आधी पाहिलं. उतरला असता तर घरी पट्ट्या बांधण्याचा प्रश्नच नव्हता, थेट मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं असतं. मग धनुर्वाताचं इंजेक्शन. घोड्याला धनुर्वाताचा धोका गाईम्हशींपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे साध्या खिळ्याच्या जखमेलाही ते चुकवायचं नाही. टाके अर्ध्याच जखमेला घातले, बाकीची निचऱ्यासाठी उघडी ठेवली. जाताना म्हणाले, "पहिली पट्टी मी बांधतोय, नीट बघून घ्या. पुढच्या तुम्हाला बांधायच्यात."

पाहिली खरी, पण मोबाइलवर व्हिडिओ काढण्याच्या नादात हाताला काही कळलं नाही. पुढची पट्टी शिकवायला आले ते मामांच्या ओळखीचे एक काका, पुण्याच्या रेसकोर्सवरचे निवृत्त सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे. पुण्याचा सीझन पावसाळ्यात आणि मुंबईचा हिवाळ्यात, त्यामुळे वर्षभर यांच्या हातात कुठल्या ना कुठल्या घोड्याचा पाय. त्यांनी मला आधी पट्टीला हातच लावू दिला नाही. मैनेचा चांगला पाय पुढे करून म्हणाले, "दाबून बघ. मांस लागतंय का कुठं?"

कुठेच लागलं नाही. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या आणि मागच्या पायाच्या हॉकच्या, म्हणजे मधल्या सांध्याच्या, खाली घोड्याच्या पायाला स्नायू जवळजवळ नसतातच. पुढे नळीचं हाड, मागे टेंडन, मध्ये हाडांना हाडांशी बांधणारं लिगामेंट आणि वरून कातडी. आपला घोटा मुरगळला की आपण क्रेप बँडेज करकचून आवळतो आणि बरं वाटतं, कारण तो दाब पेलायला आपल्याकडे थोडंफार मांस असतं. इथे आवळलेली पट्टी सरळ टेंडनवर बसते. रक्तपुरवठा तुटला की टेंडन सुजून मागे धनुष्यासारखी फुगते. रेसच्या घोड्याला पळण्याच्या ताणाने जी दुखापत होते, ती तबेल्यात उभ्या असलेल्या घोड्याला नुसत्या पट्टीने होऊ शकते. काकांनी असे घोडे पाहिलेले होते, म्हणून "घट्ट" या शब्दाची त्यांना चीडच होती. त्यांच्या मते पट्टीत दोनच गोष्टी बघायच्या: खाली कापूस भरपूर आहे का आणि ताण सगळीकडे सारखा आहे का.

कापूस म्हणजे मेडिकलमध्ये मिळतो तो ५०० ग्रॅमचा गुंडाळा. पायाभोवती चांगला इंचभर जाड थर झाला पाहिजे. एवढा कापूस पाहून माझा हात आखडत होता, पण पट्टीचा दाब वाटून घ्यायला तोच असतो. थर पातळ असला की पट्टीच्या प्रत्येक वेढ्याची कड कातडीत रुतते. जखमेवर आधी न चिकटणारी जाळी, तिच्यावर मऊ गॉज, मग कापूस, मग सहा इंची क्रेप आणि शेवटी स्वतःलाच चिकटणारी रंगीत पट्टी. ही शेवटची भारी ओढ घेते. रोलवरून थेट ताणत गुंडाळली तर जितकी ओढू तितकी आवळते, म्हणून ती आधी पूर्ण उलगडून हलक्या हाताने पुन्हा गुंडाळून ठेवायची. कातडीवर किंवा कापसाशिवाय ती कधीच नाही.

एक पाय दुखतो तेव्हा घोडा सगळा भार जोडीच्या पायावर टाकतो, म्हणून त्या पायालाही आधाराची पट्टी लागते. तिथे रोज नवा कापूस परवडेना. आईने जुन्या सुती लुगड्यांचे थर घालून गोधडीच्या टाक्यांनी दोन आयताकृती घड्या शिवल्या. कडा दुमडून जाड केल्या नाहीत, कारण काकांनी सांगितलं होतं की शिवणीची गाठ पायाला टोचते. धुऊन, वाळवून, सुरकुती न ठेवता त्या आलटूनपालटून वापरल्या. रेसकोर्सवरच्या विकतच्या पॅडपेक्षा या बऱ्या, असं काकांचं मत पडलं. ते आईच्या हातची भाकरी खाऊन दिलेलं मत असल्याने तेवढं कमी धरावं.

आता बांधायला बसणं. बसणं म्हणायचं, पण बसायचं नाही. मांडी नाही, गुडघा टेकणं नाही; उकिडवं, टाचा उचललेल्या, केव्हाही बाजूला होता येईल असं. मोहरकी धरायला माझा भाऊ. तो मी ज्या बाजूला आहे त्याच बाजूला उभा. मैना बिथरली तर तो तिचं तोंड आमच्याकडे ओढणार, म्हणजे मागचं धूड आमच्यापासून लांब जाईल. दुसऱ्या बाजूला उभा राहिला तर नेमकं उलटं होतं. खुंटीला पक्की बांधून हे काम करायचं नाही. मी खांद्यापासून पाठीवरून, पुठ्ठ्यावरून हात फिरवत खाली न्यायचो, तोंड शेपटीकडे, अंग तिच्या अंगाला लागून. लाथ बसायचीच तर जवळून बसलेली ढकलते, हातभर अंतरावरची हाड मोडते.

पाय आधी कोरडा आणि स्वच्छ. गवताची एक काडी आत राहिली तरी संध्याकाळपर्यंत तिथे घासून लाल होतं. कापूस नळीच्या आतल्या बाजूने सुरू करून पुढून बाहेर, बाहेरून मागे, असा गुंडाळायचा. उजव्या पायाला वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, डाव्या पायाला उलट. त्याच दिशेने पट्टी. पट्टीचं टोक टेंडनवर ठेवायचं नाही, हाड आणि टेंडन यांच्यामधल्या खाचेत ठेवायचं. ओढ द्यायची ती पुढच्या हाडावरून जाताना. मागे टेंडनवरून जाताना पट्टी नुसती ठेवत न्यायची. प्रत्येक वेढा आधीच्याचा अर्धा भाग झाकणारा. फेट्याला देतो तसा पीळ इथे एकदाही पडता कामा नये. पडला की तो वेढा सोडून परत. खाली खुरावरच्या सांध्याला कवेत घेऊन वर यायचं, आणि वर-खाली दोन्हीकडे अर्धा इंच कापूस दिसत ठेवायचा. पट्टीची कड कापसाच्या बाहेर गेली की ती सुरीच्या धारेचं काम करते. शेवट बाहेरच्या बाजूला, आणि वरून लावलेला चिकटपट्टीचा तुकडा पट्टीपेक्षा घट्ट नको.

काका शेवटी वरच्या कडेतून बोट सरकवायचे. सहज जातंय पण खेळत नाही, तर ठीक. दोन बोटं ढिली जात असतील तर पट्टी रात्रीतून खाली घसरून सांध्यावर गोळा होणार, आणि गोळा झालेली पट्टी आवळलेल्या पट्टीइतकीच वाईट. शंका आली की पूर्ण सोडायची. वरचेवर ओढून दुरुस्त केलेल्या पट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता.

पहिल्यांदा बांधल्यावर मैनेने पाय पोटापर्यंत उचलून असा काही झटकला की भाऊ म्हणाला, मोडला. तसं काही नसतं. मागच्या पायाला सवय नसली की घोडी असं करते. आठ-दहा पावलं हातात धरून चालवली की विसरते. मात्र तासाभराने पट्टीला तोंड लावू लागली, आपटू लागली, किंवा पट्टीच्या वरचा भाग फुगलेला आणि गरम लागला, तर ती नाटक करत नाही. लगेच सोडून बघायचं.

पावसाने मात्र वैताग आणला. ओली झालेली सुती पट्टी आकसून आवळते, आणि आत कातडी पांढरी, मऊ पडते. गोठ्यात मुताचा ओलावा पट्टीत चढतो तो वेगळाच. जमीन उताराची करून भाताचा तूस टाकला, दिवसातून दोनदा काढला. पट्टी भिजली की वेळ झालेली असो-नसो, बदलायची. सोडताना ती गुंडाळत बसायचं नाही, या हातातून त्या हातात भराभर गोळा करायची. कात्री लावावीच लागली तर बोथट टोकाची, आणि पायाच्या बाहेरच्या अंगाने. मागे टेंडन असते.

काही आठवड्यांनी जखमेत लाल, दाणेदार मांस कातडीच्या वर यायला लागलं. घरच्यांना वाटलं, छान भरतेय. डॉक्टरांनी मान हलवली. घोड्याच्या पायाच्या खालच्या भागात हे नेहमीचं: मांस वाजवीपेक्षा जास्त वाढतं आणि कडेची कातडी त्याच्यावर चढू शकत नाही. त्यांनी ते पातीने सपाट कापलं. रक्ताची धार लागली, पण मैना गवत खातच राहिली. त्या मांसात दुखणं जाणवणाऱ्या नसा नसतात, त्यामुळे दुखत नाही. त्यावर बेताचा दाब देऊन पट्टी पुन्हा बांधली, आणि पहिल्या पट्टीनंतर हा एकच दिवस असा की दाब किती हे डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने ठरवलं.

कातडी कडेकडेने मिटत आली तशी आधी चांगल्या पायाची पट्टी बंद केली, मग दुखऱ्या पायाची फक्त रात्री ठेवली, मग तीही नाही. पट्टी सुटल्यावर सकाळी पाय थोडा भरलेला दिसायचा. मी पुन्हा बांधायला निघालो होतो, डॉक्टरांनी फोनवरच अडवलं. गरम लागतो का? नाही. लंगडते का? नाही. मग पट्टी नको, चालवा. अर्धा तास रस्त्याने चालवून आणली की पाय उतरलेला असायचा.