उसनी गाणी आणि १८ नोव्हेंबरचा पिक्चर

फराळाचा डबा द्यायला म्हणून शेजारच्या आजींकडे गेले आणि दीड तासाने परत आले. काम दहा मिनिटांचं होतं, पण तेवढ्यात त्यांच्या टीव्हीवर त्या पिक्चरची जाहिरात लागली आणि आजी ज्या सुरू झाल्या त्या चकलीचा तुकडा हातात तसाच राहिला. (तिखट लागली असेल हेही शक्य आहे. या बाबतीत त्या कधी खरं बोलत नाहीत, सगळं "वंडरफुल, हनी" असतं.)

पिक्चर म्हणजे 'वॉक द लाईन', जॉनी कॅश या कंट्री गायकावरचा. येत्या १८ नोव्हेंबरला (२००५) लागतोय आणि आमच्या नॅशव्हिलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या या कंट्री म्युझिकच्या गावात, सध्या दुसरा विषय नाही. तिकडे तुम्हा सगळ्यांना नाव माहीत असेलच असं नाही, मलाही कुठे माहीत होतं, मी २००३ च्या जानेवारीत एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या मागे, इथे आले तेव्हा कंट्री म्युझिक म्हणजे हॅटवाले लोक ट्रकवर, कुत्र्यावर आणि सोडून गेलेल्या बायकोवर रडतात एवढंच माझं ज्ञान. पहिले सहा महिने ना लायसन्स ना नोकरी, नवरा सकाळी गेला की रेडिओ लावून पोळ्या करायच्या, आणि या गावात रेडिओ लावला की काय लागणार ते सांगायला नकोच.

तर त्याच दिवसांत एकदा टीव्हीवर एक व्हिडिओ बघितला. काळे कपडे घातलेला एक म्हातारा, चेहरा सुजलेला, हात थरथरतायत, आवाज मध्येच फाटतोय, समोर टेबलावर एवढं मोठं जेवण मांडलंय आणि तो त्यावर सरळ वाईन ओततो. मध्ये मध्ये त्याच माणसाचे तरुणपणीचे तुकडे, आणि मागे जिन्यावर एक बाई उभी राहून त्याच्याकडे नुसती बघतेय. शेवटी तो पियानोचं झाकण लावतो आणि त्यावरून हात फिरवतो. माझी पोळी करपली. गाणं कळलं पण नव्हतं धड, हे अॅक्सेंट तेव्हा कानावरून जायचे, पण सांगलीच्या आमच्या आजोबांचे शेवटचे दिवस आठवले एकदम.

ते गाणं 'हर्ट'. आणि ते त्याचं नव्हतंच! मूळ गाणं नाईन इंच नेल्स नावाच्या बँडचं, १९९४ चं, ट्रेंट रेझनरने लिहिलेलं, तेव्हा तो २८-२९ वर्षांचा असेल. ड्रग्ज, स्वतःला इजा करून घेणं, सगळं काळंकुट्ट. ते गाणं सत्तरीच्या माणसाने म्हटलं, एक गिटार आणि थोडा पियानो घेऊन, आणि अर्थच बदलला हो. तरुण पोराच्या तोंडी ती स्वतःची कीव वाटते आणि याच्या तोंडी तेच शब्द हिशोब मांडल्यासारखे वाटतात. रेझनरला आधी ही कल्पनाच फारशी पटली नव्हती, मग व्हिडिओ बघितल्यावर तो म्हणाला की आता हे गाणं माझं राहिलं नाही.

ती जिन्यावरची बाई म्हणजे जून कार्टर, त्याची बायको. १५ मे २००३ ला ती गेली आणि १२ सप्टेंबरला तो. त्या दिवशी रेडिओवर दिवसभर त्याचीच गाणी चालू होती, आजींकडे गेले तर त्या अंगणात खुर्ची टाकून गप्प बसलेल्या. मी पण बसले, बोलायला माझ्याकडे तरी काय होतं.

आता 'कव्हर' म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपण म्हणणं. आपल्याकडे हे म्हटलं की लोकांना ते रीमिक्सचे व्हिडिओ आठवतात, जुन्या गाण्याला ढिंचॅक ठोका लावायचा, चार पोरी नाचवायच्या, झालं. मी फोनवर बाबांना हे सांगायला लागले तर ते आधी तेच म्हणाले, "म्हणजे ते रीमिक्स की काय तुमचं?" मी आपली समजावतेय, फोनकार्डाची मिनिटं संपतायत, आणि मग बाबाच म्हणाले, "अगं म्हणजे कुमारांनी बालगंधर्व गायले तसं सांग ना सरळ." तर तसं. 'मला उमजलेले बालगंधर्व' असं नावच दिलं होतं ना कुमार गंधर्वांनी त्या कार्यक्रमाला, नक्कल नाही करणार, मला काय सापडलं ते सांगणार. आमच्या घरात त्यावरून भांडणं झालेली आहेत म्हणे, आजोबांना ते अजिबात चाललं नव्हतं.

कॅशची गोष्ट थोडी मागून सांगते. जन्म १९३२, आर्कान्सामधलं कापूस पिकवणारं गरीब घर, भाऊ लहानपणी करवतीच्या अपघातात गेला, मग एअर फोर्समधून जर्मनीत, तिथे रशियन लोकांचे मोर्स कोडचे संदेश ऐकायचं काम. परत आल्यावर १९५५ मध्ये मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये पहिली रेकॉर्ड. सोबत दोनच वाजवणारे, ड्रमवाला नाहीच, म्हणून गिटारच्या तारांमध्ये कागदाची घडी अडकवायचा, त्याने तो खरखर असा तालाचा आवाज यायचा. आगगाडीसारखा. आता प्रत्येकजण त्याला फार मोठी स्टाईल वगैरे म्हणतो.

आणि गंमत म्हणजे उसनवारी त्याच्याकडे पहिल्यापासूनच आहे. 'फॉल्सम प्रिझन ब्लूज' हे त्याचं सगळ्यात नावाजलेलं गाणं, त्याची चाल आणि बरेचसे शब्द गॉर्डन जेंकिन्स नावाच्या संगीतकाराच्या १९५३ च्या गाण्यातून आलेले, पुढे त्यावरून साधारण ७५ हजार डॉलर मोजावे लागले. 'रिंग ऑफ फायर' लिहिलं जूनने आणि मर्ल किलगोरने, आणि कॅशच्या आधी ते गायलं जूनच्या बहिणीने. लोकांना वाटतं हा माणूस जेलमध्ये राहून आलाय, कारण फॉल्समच्या तुरुंगात कैद्यांसमोर गायला (१३ जानेवारी १९६८, तो लाईव्ह अल्बम ऐकाच). प्रत्यक्षात एखाद-दुसरी रात्र कोठडीत काढली असेल तेवढीच. त्या अल्बममध्ये रिनो गावात माणूस मारल्याची ओळ आली की कैदी ओरडतात ना, तो आरडाओरडा पण नंतर स्टुडिओत चिकटवलेला! आजींना हे मी सांगितलं नाहीये. सांगणारही नाही.

१९९० पर्यंत त्याला इथे कोणी विचारत नव्हतं. १९८६ मध्ये त्याच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीने काढून टाकलं होतं, आणि मग आला रिक रूबिन, एवढी मोठी दाढी, रॅप आणि हेवी मेटलच्या रेकॉर्डी करणारा माणूस. त्याने कॅशला लॉस एंजेलिसच्या आपल्या घरी दिवाणखान्यात बसवलं, हातात गिटार दिली आणि म्हणाला गा तुला पाहिजे ते. त्यातून १९९४ चा 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज' आणि मग पुढचे तीन. साउंडगार्डनचं 'रस्टी केज', यू-टूचं 'वन', टॉम पेटीचं, नील डायमंडचं, असं कुठलं कुठलं जमवलेलं. २००२ च्या चौथ्या अल्बममध्ये 'हर्ट' आणि 'पर्सनल जीझस' पण आहे. हे दुसरं म्हणजे डेपेश मोड या इंग्लिश बँडचं, १९८९ चं, सिंथेसायझर आणि लेदर जॅकेटवाली पोरं. आजी ते रविवारी चर्चला जाताना गाडीत लावतात. त्यांना ते भजन वाटतं. आणि कॅशच्या आवाजात ते भजनच आहे, खरं सांगायचं तर, मी कोण दुरुस्त करणार.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट एका शब्दाची आहे. म्हणजे दोन शब्दांची. १९७० च्या आसपास कॅशचा टीव्ही शो होता, इथल्या रायमन सभागृहातून चालायचा. त्यात त्याने क्रिस क्रिस्टॉफरसनचं रविवार सकाळच्या एकटेपणाचं गाणं घेतलं. (हा क्रिस्टॉफरसन रेकॉर्डिंग स्टुडिओत झाडूवाला होता आणि गाणं ऐकवायला म्हणून कॅशच्या अंगणात हेलिकॉप्टर उतरवलं होतं! ही गोष्ट प्रत्येकजण वेगळी सांगतो, पण हेलिकॉप्टर सगळ्यांच्यात असतं.) तर त्या गाण्यात नशेत असल्याचा एक शब्द आहे, चॅनलवाले म्हणाले बदल, टीव्हीवर चालणार नाही. लिहिणारा बाल्कनीत बसलेला. कॅशने त्याच्याकडे बघून गाणं जसंच्या तसं म्हटलं. आणि तोच माणूस तीस वर्षांनी 'हर्ट' म्हणताना, कोणी सांगितलं नसताना, स्वतःहून एक शब्द बदलतो. मूळ गाण्यात घाणीचा मुकुट आहे, शिवीच आहे ती, त्याचा याने काट्यांचा मुकुट केला. म्हणजे येशूचा. एवढाच फरक आणि सगळं गाणं फिरलं.

इथे राहून मला हे जास्त जाणवतं कारण या गावात गाणं लिहिणाऱ्याला मान आहे. ब्लूबर्ड कॅफे म्हणून एक टीचभर जागा आहे, दुकानांच्या रांगेत, बाहेरून लाँड्री वाटेल. तिथे गाणी लिहिणारे गोल करून बसतात आणि आपापली गाणी म्हणतात, तुम्ही कुजबुजलात तर शू करून गप्प बसवतात. रेडिओवर ऐकून पाठ झालेलं गाणं एखादा चेक्सचा शर्ट घातलेला टकलू माणूस म्हणायला लागतो आणि कळतं की अरे, हे याचं आहे. कायदा पण तसाच आहे, एकदा गाणं बाजारात आलं की कोणीही परत रेकॉर्ड करू शकतो, परवानगीसाठी अडत नाही, पण दर कॉपीमागे ठरलेले पैसे लिहिणाऱ्याला द्यायचे (२००५ मध्ये साडेआठ सेंट). उलट डाऊनटाऊनला ब्रॉडवेवर जा, दारादारातून बँड, सगळे दुसऱ्यांचीच गाणी म्हणतायत टिपसाठी, आणि संध्याकाळभरात 'रिंग ऑफ फायर' कमीत कमी चारदा.

बरं, पिक्चर. जेम्स मँगोल्डचा आहे, कॅशच्या आत्मचरित्रांवरून, मुलगा जॉन कार्टर कॅश निर्मात्यांमध्ये आहे. कॅश झालाय वाकीन फिनिक्स, तोच तो 'ग्लॅडिएटर'मधला दुष्ट राजा (स्पेलिंग जोआक्विन, म्हणायचं वाकीन, आमच्या घरी लगेच 'मोडेन पण वाकीन' सुरू झालं). जून झालीये रीझ विदरस्पून, ती इथेच नॅशव्हिलमध्ये वाढलेली, त्यामुळे तिला आजींकडून आधीच शंभरपैकी शंभर. भांडण आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. दोघांनी गाणी स्वतः म्हटलीयेत. गेल्या वर्षी गायक रे चार्ल्सवरचा 'रे' आला तेव्हा जेमी फॉक्सने बहुतेक गाण्यांना नुसते ओठ हलवले, आवाज खऱ्या रे चार्ल्सचा, आणि ऑस्कर मिळालं. आजींचं म्हणणं, जॉनीचा आवाज असताना या पोराने कशाला गायचं? मी म्हटलं आजी, जॉनीने आयुष्यभर दुसऱ्यांची गाणी म्हटली, आता कोणीतरी त्याला म्हणतंय. त्या म्हणाल्या, "दॅट्स डिफरंट, हनी." कसं डिफरंट ते नाही सांगितलं.

माझी तक्रार दुसरी आहे. सप्टेंबरमध्ये फेस्टिव्हलला दाखवला, ज्यांनी बघितला ते लिहितायत की गोष्ट १९६८ ला संपते. म्हणजे गोळ्यांचं व्यसन, पहिलं लग्न मोडणं, फॉल्सम, आणि त्याच फेब्रुवारीत कॅनडात स्टेजवर सगळ्यांसमोर जूनला मागणी घालणं, की पडदा. चांगली गोष्ट आहे, नाही असं नाही, पण मला जो माणूस भेटला तो त्याच्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी. तो फाटलेला आवाज, ते टेबल, ती जिन्यावरची बाई, यातलं काहीच नसणार. पहिली बायको व्हिव्हियन, चार मुलींची आई, तीसुद्धा याच वर्षी मे महिन्यात गेली. पिक्चरमध्ये तिचं काय केलंय देव जाणे, प्रेमकथेत पहिल्या बायकोचे नेहमीच हाल होतात.

ऑक्टोबरमध्ये आजींसोबत हेंडरसनव्हिलला गेले होते, नॅशव्हिलपासून वीसेक मैल, मुख्य रस्त्याचं नावच जॉनी कॅश पार्कवे. तिथल्या स्मशानभूमीत आजींचे मिस्टर आहेत, आणि तिथेच जॉनी आणि जून शेजारी शेजारी. आजींनी आधी मिस्टरांपाशी फुलं ठेवली, दोन फुलं बाजूला काढली आणि मग यांच्याकडे आल्या, कोणीतरी गिटार वाजवायच्या चकत्या ठेवून गेलं होतं. येताना कॅशचं बंद पडलेलं म्युझियम दाखवलं, 'हर्ट'चा काही व्हिडिओ तिथेच शूट केलेला, पुढे ओल्ड हिकरी तळ्याकाठी त्यांचं घर. गाडीतून उतरलो नाही. आमचं गणपतीचं देऊळ गावाच्या पार दुसऱ्या टोकाला ओल्ड हिकरी बुलेवार्डवर आहे, आणि हे नाव इथल्या कुठल्या तरी लांबच्या पाहुण्यासारखं सगळीकडे भेटतं, अमेरिकेचे जुने अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांचं टोपणनाव ते. आजींना म्हटलं आमचा गणपती आणि तुमचा जॉनी एकाच पत्त्यावर, तर त्या इतक्या हसल्या की गाडी बाजूला घ्यावी लागली.

तर १८ ला शुक्रवार आहे. मी संध्याकाळचं म्हणत होते म्हणजे नवराही येईल, पण आजी म्हणतात मॅटिनीला जाऊ, स्वस्त पडतं आणि रात्री त्यांना गाडी चालवायला दिसत नाही. नवऱ्याला हाफ डे टाकायला सांगितलंय. आजींनी डबा परत करताना विचारलंय की ती गोल गोल काटेरी वस्तू थिएटरमध्ये नेता येईल का लपवून, म्हणजे चकली आवडली होती बहुतेक.