एक मालक नाही, मग भांडता कुणाशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरकामगार बायकांच्या संघटनेचं काम करते म्हटलं की हा प्रश्न हमखास येतो: कारखाना नाही, गेट नाही, एकेकीची पाच घरं आणि पाच मालकिणी, मग तुमची संघटना भांडते तरी कुणाशी?

बऱ्याचदा कुणाशीच नाही. आमचं निम्मं काम बायकांनी आपसात काय ठरवायचं याचं आहे. समजा, एकीने धुण्या-भांड्याचे पैसे वाढवून मागितले आणि तिचं घर सुटलं. दुसऱ्या दिवशी तिथे जुन्याच दरात दुसरी बाई उभी राहिली की मागणी संपली. म्हणून वस्तीतल्या बैठकीत आधी हे ठरतं की पगारवाढ मागितली म्हणून सुटलेलं घर कुणी कमी पैशांत धरायचं नाही.

बोलायला सोपं, पाळायला फार कठीण. कमी पैशांत घर धरणारी अनेकदा बीड-लातूरकडून नुकती आलेली असते, खोलीचं भाडं थकलेलं, पदरात लहान मूल. तिला दटावणं मला अन्यायाचं वाटतं, आणि त्याचा उपयोगही नसतो. तिला दुसरं काम बघून द्यावं लागतं, पहिला पगार हाती येईपर्यंत रेशन पुरवावं लागतं, ती कामावर गेली की पोराकडे बघावं लागतं. हे करणार कोण? शेजारीण, बचतगटातली बाई, तिच्याच गावची कुणी. आमची संघटना वस्तीत उभी राहते ती त्यामुळे.

एवढं झालं की मालकिणींशी बोलणं सोपं जातं. एका सोसायटीत जाणाऱ्या सगळ्याजणी मिळून दर सांगतात: किती माणसांची भांडी, किती खोल्यांची फरशी, महिन्याला किती सुट्ट्या, दिवाळीला एक पगार बोनस. खाडा झाला तर पैसे कापले जातात, पण घरात आठ दिवस पाहुणे असले तर जास्तीच्या भांड्यांचे मिळत नाहीत. ही गोष्ट एकटी बाई बोलायला गेली तर उद्धट ठरते. दहाजणी बोलल्या की ऐकून घेतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मालकिणींना ती पटतेही.

पुण्यात हे नवं नाही. १९८० साली इथल्या मोलकरणींनी आपणहून संप केला, एका भागातून दुसऱ्या भागात तो पसरला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. कायदा यायला मात्र २००८ उजाडलं. त्या वर्षी महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो कल्याणाचा कायदा आहे. पगार किती, सुट्टी किती, हे त्यात नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. याचा मला राग आहे. जगासमोर हात वर करायचा आणि घरच्या बाईसाठी सही करायची नाही, हे बरोबर नाही.

तरीही मंडळात नाव नोंदवा, असा आग्रह आम्ही दारोदार धरतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, राज्य सरकारने घरकामगारांना १,५०० रुपये जाहीर केले ते नोंदणी असलेल्यांनाच. वर्षानुवर्षं भांडी घासलेल्या कितीतरी बायकांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

आणि नोंदणी अडते ती बहुतेकदा तुमच्या दारात. अर्जासोबत, ही बाई आमच्याकडे काम करते, असा मालकाचा दाखला लागतो. पुष्कळ जण तो द्यायला घाबरतात, ‘साहेबांना विचारून सांगते’ म्हणतात, आणि नोंदणी राहून जाते. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची नोंदणी झाली आहे का, हे तुम्हीच आधी विचारा. झाली नसेल तर तो दाखला त्यांनी मागायच्या आधी लिहून द्या.