पुढच्या रविवारी

माझ्या प्रवासाच्या वहीत 17 मे 2015 च्या पानावर दोनच ओळी आहेत. ‘किल्ला. ऊन मी म्हणत होतं. शून्य राहिलं, पुढच्या रविवारी जाऊ.’

किल्ल्यावरच्या दगडात कोरलेलं एक जुनं शून्य बघायचा तो रविवार यायला दहा वर्षं लागली.

आम्ही ग्वाल्हेरला लष्करात राहतो. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 मध्ये इथे पडली आणि मग उठलीच नाही, म्हणून या भागाचं नाव लष्कर. आमच्यासारखी मराठी घरं त्या छावणीच्या मागोमाग आली आणि इथलीच होऊन गेली. गच्चीवर वाळवण घालायला गेलं की समोर किल्ला. पाहुणे आले की त्यांना दाखवायचा, एरवी तो आहेच.

वही सुरू झाली 2008 मध्ये. थोरली दहा महिन्यांची होती आणि मी तिला घेऊन पहिल्यांदा माहेरी, पुण्याला निघाले होते. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला पुणं म्हणजे झेलम एक्स्प्रेस, आणि झेलम म्हणजे एक अख्खा दिवस नि रात्र. सासूबाईंनी आपलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं नऊवारी दिलं होतं. मधल्या बर्थच्या साखळ्यांना ते बांधून झोळी केली. गाडीच्याच हेलकाव्याने लेक भोपाळपर्यंत गाढ झोपली. मला काही झोप लागेना, म्हणून तिच्या बाबांच्या डायरीत मागच्या पानांवर लिहीत बसले. दूध कुठे गरम करून मिळालं, लंगोट किती लागले, गाडी कुठल्या स्टेशनवर जास्त वेळ थांबते. पुढच्या खेपेला उपयोगी पडेल एवढाच विचार होता. त्याच्या आता अकरा वह्या झाल्या आहेत.

पहिल्या दोन-तीन वह्या आज वाचल्या तर कुणाला त्यात प्रवास सापडायचा नाही. ओरछ्याच्या पानावर आहे: ‘वाटेत दोन उलट्या. निघताना दूध देऊ नये. लिंबाची फोड जवळ ठेवावी.’ बेतवेकाठच्या छत्र्यांबद्दल अक्षर नाही. छत्र्या मी पाहिल्या होत्या, पण मांडीवर झोपलेल्या पोरीच्या कपाळाला हात लावत पाहिल्या होत्या. ती पानं मला अजून तितकीच प्रिय आहेत. लहान मूल घेऊन निघणाऱ्या कुणीही विचारलं तर मी त्यातलंच सांगते: दिवसाला एकच ठिकाण, दुपारी झोप, आणि परतीची वेळ आधी ठरवायची.

धाकटा चालायला लागला तसं वहीचं रूप पालटलं. दोघं जिथे थांबतील तिथे आम्ही थांबायला लागलो. जयविलास महालात गेलो तेव्हा मी दरबार हॉलकडे बघत होते. 1874 चा हा महाल, छताला साडेतीन-साडेतीन टनांची दोन झुंबरं. छताला तेवढं वजन पेलेल का हे बघायला आधी छतावर दहा हत्ती चढवले होते, असं सांगतात. धाकट्याला हत्तींशी देणंघेणं नव्हतं. तो जेवणाच्या टेबलावरच्या चांदीच्या आगगाडीपाशी खिळून राहिला. पेयांच्या सुरया घेऊन ती पाहुण्यांसमोरून फिरायची आणि कुणी सुरई उचलली की थांबायची. ‘मग परत ठेवली की?’ हा प्रश्न त्याने तिथल्या प्रत्येक माणसाला विचारला. मुरैन्याकडे बटेश्वरला गेलो तिथेही तेच. सुमारे दोनशे देवळं, बरीचशी कोसळून दगडांचे ढीग झालेली. 2005 पासून पुरातत्त्व खात्याच्या के. के. मुहम्मद यांनी ती एकेक उभी करायला घेतली. मी शिखरं मोजत होते आणि धाकटा एका ढिगाजवळ उकिडवा बसून प्रत्येक दगडाला विचारत होता, ‘तू कुठला?’ ते वाक्य मी तिथल्या तिथे टिपून घेतलं.

आणि ती छोटी गाडी! ग्वाल्हेर ते श्योपुर, दोन फुटी रूळ, सुमारे दोनशे किलोमीटर. एवढ्या अरुंद रुळांवरची इतकी लांब धाव आपल्या देशात दुसरी नव्हती. सकाळी सुटलेली गाडी श्योपुरला पोहोचेपर्यंत दिवस सरायचा. 2018 च्या डिसेंबरात आम्ही तिने जौऱ्यापर्यंत गेलो. डबा इतका अरुंद की समोरच्या बाकावरच्या आजोबांचे गुडघे नि माझे गुडघे एकमेकांना लागत होते. माणसं टपावरही बसली होती. सरसोची शेतं खिडकीला घासतात की काय असं वाटायचं, आणि वेग असा की थोरली म्हणाली, ‘आई, उतरून चालले तर मी पुढे जाईन.’ आजोबांनी पोरांना खिशातली गजक दिली. 2020 मध्ये ती गाडी बंद झाली आणि आता त्या मार्गावर मोठे रूळ पडत आहेत. मोठे रूळ हवेतच, तिकडच्या लोकांनी फार वर्षं वाट पाहिली आहे. तरी माझ्या पोरांचे गुडघे त्या डब्यात एकदा टेकले याचं मला फार समाधान आहे.

तर ते शून्य.

थोरली तिसरीत असताना शाळेत तिला कुणीतरी सांगितलं की आपल्या किल्ल्यावर एक फार जुनं शून्य कोरलेलं आहे. तिने हट्ट धरला. आम्ही गाडी काढली आणि नेहमीप्रमाणे उरवाई दरवाज्याने वर गेलो, कारण गाडी वर जाते ती पश्चिमेच्या याच वाटेने. दोन्हीकडच्या कातळात तोमर राजांच्या काळातल्या प्रचंड जैन मूर्ती आहेत, धाकटा मान वर करकरून बघत होता. वर मानमंदिर पाहिलं, सासबहूची देवळं पाहिली, आणि शून्य काही मिळेना. शेवटी एकाने सांगितलं, ते चतुर्भुज मंदिरात, पूर्वेच्या पायवाटेवर, अर्ध्या उतारावर. म्हणजे आता हा सगळा उतार उतरायचा आणि पुन्हा चढायचा. दुपारचे बारा, मे महिना, तीन वर्षांचा पोरगा खांद्यावर झोपलेला, बाटलीत दोन घोट पाणी. मी म्हटलं, पुढच्या रविवारी.

ती रडली नाही. रडली असती तर बहुतेक गेलो असतो.

पुढच्या रविवारी कुणाचं तरी लग्न होतं. मग पाऊस, मग परीक्षा. आम्ही राजस्थान केलं, कोकण केलं, चंबळेत होडीतून सुसरी पाहिल्या, आणि त्या सगळ्या वर्षांत किल्ल्यावर जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा गाडीने, उरवाईकडून. लहान मुलं म्हणून आपण गाडीची वाट धरतो. मुलं मोठी झाली तरी चाकं त्याच वाटेला वळतात. याची मला मनापासून चुटपुट आहे.

या जुलैत थोरलीचं पुण्याला कॉलेज ठरलं. सामान बांधताना तिला ती वही सापडली. ती काही बोलली नाही, फक्त ते पान उघडं ठेवून वही माझ्या ओट्यावर आणून ठेवली.

रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. सासूबाईंनी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. गाडी खालीच ठेवली आणि पूर्वेच्या ग्वालियर दरवाज्यातून आत शिरलो. डाव्या-उजव्या हाताला काय आहे हे ओळखायला मला वेळ लागत होता, स्वतःच्या गावात. राजा मानसिंह तोमराने मृगनयनी राणीसाठी बांधलेला गुजरी महाल अजून बंद होता. रात्री पाऊस पडून गेलेला, फरसबंदी निसरडी, आणि चढ छातीवर येणारा. दोघं मुलं पुढे, आम्ही मागे. एका वळणावर धाकट्याने मागे येऊन न बोलता माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. तेरा वर्षांचा आहे, माझ्या कानाएवढा झालाय. वर मानमंदिराची भिंत दिसायला लागली. तिच्यावरच्या निळ्या फरश्या आजवर मी जवळून पाहिल्या होत्या, खालून नव्हत्या. ढगाळ आभाळाखाली तो निळा रंग ओला दिसतो.

गणेश दरवाजा ओलांडला आणि मग ते देऊळ आलं. केवढंसं! आमच्या देवघराच्या खोलीला पुढे पडवी काढावी एवढं, पण सगळं एकाच कातळात कोरलेलं. राखणदाराने कुलूप काढलं, थोरलीने चपला काढल्या. आत थंड ओला वास. भिंतीवरच्या लेखाच्या ओळी पाहून मी गोंधळले. तिने मात्र मोबाइलचा उजेड तिरका धरला आणि अक्षरं उठून आली.

विक्रम संवत 933, म्हणजे इ.स. 876. लेख संस्कृतात आहे. देवळासाठी दिलेल्या बागेचं माप त्यात आहे: 270 हात लांब, 187 हात रुंद. देवाला रोज 50 हार द्यायचे. त्या 270 मधलं आणि 50 मधलं शून्य आपण आज काढतो तसंच, फक्त शेजारच्या आकड्यांपेक्षा लहान, जरा वर उचललेलं. ज्वारीच्या दाण्याएवढी टिकली असावी तसं. कंबोडियात 683 सालच्या लेखात याहून जुनं शून्य आहे, हे थोरलीनेच मला सांगितलं, तेव्हा ‘जगातलं पहिलं’ म्हणू नये. पण 270 मधलं हे शून्य कुणा गणित्याने मिरवायला कोरलेलं नाही. गावातल्या बागेच्या हिशेबात ते सहज आलं आहे, म्हणजे तेव्हा लोक ते रोज वापरत होते. मला त्यातच त्याचं मोठेपण दिसलं.

‘रोज पन्नास हार,’ धाकटा म्हणाला, ‘मग बाग एवढी मोठी पाहिजेच.’ आणि तो बोटांवर फुलं मोजायला लागला.

थोरलीने दगडाला हात लावला नाही. बोट एक वितीवर धरून हवेतच ते शून्य दोनदा गिरवलं. आठ वर्षांची असताना तिने ते गिरवलं असतं तर बोट तेवढं वर पोहोचलं असतं का, हे मी मनात मापत उभी राहिले. उचलून घ्यावं लागलं असतं.

मुलांना घेऊन येणार असाल तर एवढं करा: सकाळी ऊन चढायच्या आत याच बाजूने चढा, आणि उतरताना उरवाईकडून मूर्ती बघत या. पाच-सहा वर्षांचं मूल सहज चढतं. दमलं तर वर गुरुद्वारा दाता बंदी छोड आहे, तिथल्या लंगरात पोटभर जेवण मिळतं. शिखांचे गुरू हरगोबिंद यांच्या अंगरख्याचे पदर धरून 52 राजे या किल्ल्यातल्या कैदेतून सुटले, ती गोष्ट जेवताना सांगा. आमच्या दोघांनी ती लहानपणी दर वेळी मागून घेतली आहे.

देवळाच्या पायरीवर बसून दशम्या खाल्ल्या. थोरलीने पिशवीतून ती जुनी वही काढली, माझ्याकडे पेन मागितलं, आणि माझ्या दोन ओळींच्या खाली लिहिलं: ‘13 जुलै 2025, रविवार. पाहिलं.’ मग पान उलटून धाकट्याच्या हातात वही दिली. त्याने चटणीचं बोट पँटला पुसलं आणि फुलांचा हिशेब मांडायला घेतला.