तुम्ही विचारलंत म्हणून: दगड गुलाबी कसे झाले

अमळनेरला आमच्या घरी आलेला माणूस चपला काढतो, पाणी पितो आणि पुढच्या खोलीतल्या, समुद्री जीवांसाठी खारं पाणी भरलेल्या काचेच्या टाकीकडे बघून एकच प्रश्न विचारतो, "हाई काय शे भो, दगडले रंग दिधा का?" पुण्या-नाशिकचे टाकीवाले मित्र फोनवर तेच जरा शिकलेल्या भाषेत विचारतात: दगड असे गुलाबी-जांभळे व्हायला तू नेमकी कुठली बाटली ओततोस?

तो रंग म्हणजे कोरलाइन शेवाळ. लाल शेवाळांच्या कुळातलं, पण विहिरीच्या पायरीवर असतं तसं बुळबुळीत नाही. पाण्यातलं कॅल्शियम, कार्बोनेट आणि थोडं मॅग्नेशियम ओढून ते आपल्या पेशींच्या भिंतीतच चुना बांधतं. म्हणून हाताला दगडासारखं लागतं आणि नखाने खरवडून निघत नाही. सजीवांचं वर्गीकरण घालून देणाऱ्या लिनियससारख्या माणसानेही याला प्राण्यांच्या पंगतीत बसवलं होतं. पुढे १८३७ मध्ये फिलिपी नावाच्या निसर्गअभ्यासकाने या वनस्पती आहेत हे ओळखलं. तेव्हा आमच्या पाहुण्यांना हा ऑइलपेंट वाटला तर त्यांचं काय चुकलं!

बाटलीचं उत्तर मात्र सरळ आहे. दगड गुलाबी करणारी बाटली मी वापरत नाही. दोनदा घेतली होती, दोन्ही वेळा खिसा तेवढा हलका झाला.

आधी बियाणं लागतं. कोरड्या दगडावर हे आपोआप उगवत नाही. कुठूनतरी आणावं लागतं. माझ्याकडे ते नाशिकच्या एका मित्राच्या टाकीतून आलं: शंखावर गुलाबी ठिपके असलेली एक गोगलगाय आणि मागच्या काचेवरून खरवडलेली चिमूटभर पूड, डब्यात, खाऱ्या पाण्यात बुडवून. पंप बंद करून पूड दगडांवर सोडली, तासाभराने पंप चालू केला. समुद्रावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणण्याच्या भानगडीत पडू नका. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शेवाळासाठी त्याची गरजही नाही. ते काचेवर, प्लॅस्टिकच्या नळीवर, कशावरही बसतं.

त्यानंतर सगळा खेळ पाण्याचा. आमची तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते आणि सुरतेची गाडी आमच्या स्टेशनावरूनच जाते, म्हणून समुद्राचं पाणी आण असा सल्ला मला चुलत्यांपासून सगळ्यांनी दिलाय. पण खाडीचं ते गढूळ पाणी टाकीत कोण घालणार? मी टाकीसाठी मिळणारं तयार मीठ आरओच्या (फिल्टरने क्षार काढलेल्या) पाण्यात मिसळतो, क्षारता ३५, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मीठ. बोअरचं पाणी चालत नाही. त्यात काय काय विरघळलंय ते आपल्या हातात नसतं, आणि फॉस्फेट जास्त असेल तर चुना बांधण्याचं कामच अडतं. वर हिरवं शेवाळ फोफावून जागा अडवतं ते वेगळंच. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, ८ ते ९ डीकेएच (हे तिचं एकक), एवढं मी धरून ठेवतो.

यातली अल्कलिनिटी सगळ्यात फसवी. चुना बांधताना ती २.८ डीकेएचने उतरते तेव्हा कॅल्शियम जेमतेम २० पीपीएमने खाली येतं. कॅल्शियम तपासायचं किट ४२० दाखवतंय म्हणून माणूस निवांत असतो, आणि इकडे अल्कलिनिटी तळाला गेलेली असते. एकच किट घ्यायची ऐपत असेल तर अल्कलिनिटीचं घ्या.

आता खान्देशची गोष्ट. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि टाकीचं पाणी मला २६ अंशांवर हवं असतं. चिलर, म्हणजे पाणी गार करायचं यंत्र, परवडला नाही. खोलीत कूलर आणि पाण्यावर दोन छोटे पंखे. आपली हवा कोरडी, त्यामुळे पंख्याने पाणी छान गार होतं, २७-२८ पर्यंत तरी येतं. पण ते गार होतं उडून जाऊन. दोनशे लिटरच्या माझ्या टाकीतून तेव्हा रोज पाच लिटर पाणी उडतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. तीन दिवस लग्नाला गेलात तर ३५ ची क्षारता ३८ च्या घरात. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं आरओचं पाणी घालायचं, खारं नाही.

इथेच मी माती खाल्ली. चुन्याची निवळी वापरतात हे वाचलं होतं: शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड आरओच्या पाण्यात घुसळायचं, साका बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी रात्री थेंबथेंब सोडायचं. पानटपरीवरचा चुना नको, त्यात काय मिसळलंय कोण जाणे. हे पाणी चांगलंच दाहक असतं, म्हणून थेंबथेंब. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही जोडीने भरून निघतात. हिवाळ्यात रोज लिटरभर निवळी जायची आणि सगळं सुरळीत होतं. उन्हाळा लागला, पाणी पाच लिटर उडू लागलं, आणि मी पाचही लिटर निवळीच देत राहिलो! म्हणजे चुना पाचपट. आठवड्याच्या आत पाणी दुधाळ झालं आणि पंप घरघरू लागला.

पंप उघडला तेव्हा काका शेतातून आले होते. आतला पांढरा थर बघून हसले. "हा तर आपल्या ठिबकच्या नळीतला क्षार. ॲसिड सोड." बोअरच्या पाण्याने ड्रिपर बुजतात तेव्हा ते हेच करतात. मी व्हिनेगर वापरलं, थर फसफसून निघाला. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. नळीत बसतो तोच चुना दगडावर शेवाळाने बांधावा म्हणून माझी खटपट चालली होती, आणि मी तो पंपातच बसवून घेतला होता. ठिबकवर पीक घेणाऱ्या माणसाला खताची मात्रा पाण्याबरोबर वाढवायची नसते हे सांगावं लागत नाही. मला लागलं. तेव्हापासून निवळी रोज लिटरभरच, बाकी साधं आरओ. श्रावणात हवा दमट होते, पाणी कमी उडतं, तेव्हा निवळीही लिटरच्या खाली येते, आणि अल्कलिनिटी दर दोन दिवसांनी तपासतो.

उजेडाचं फार मनावर घेऊ नका. बहामा बेटांजवळ हे शेवाळ २६८ मीटर खोलीवर सापडलंय. तिथे उजेड कितीसा पोचणार? माझ्याकडेही ते आधी दगडांच्या सावलीच्या बाजूला दिसलं. भगभगीत दिव्याखालचे ठिपके पांढरे पडले होते. वीज गेली तर बॅटरीवरचा हवेचा पंप, एवढीच माझी तयारी.

पहिला ठिपका दिसायला साडेतीन महिने लागले. ज्वारीच्या दाण्याएवढा, आणि दगडावर नाही, पंपाच्या काळ्या नळीवर. आता समोरची काच मला दर पंधरवड्याला जुन्या एटीएम कार्डाने खरवडावी लागते. ती पूड मी फेकत नाही. अमळनेरकडे येणार असाल तर झाकणाचा एक डबा आणा, धुतलेला, पण साबणाने नाही. खारं पाणी मी देईन.