गाणं चांगलं की वाईट, हे न विचारणारी कचेरी

जर्मनीत नाइट क्लबच्या तिकिटावर कर किती लावायचा, हा वाद थेट देशाच्या सर्वोच्च वित्तीय न्यायालयात गेला होता. मैफलीच्या तिकिटावर 7 टक्के आणि बाकी करमणुकीवर 19 टक्के, असा तिथला हिशेब. टेक्नोच्या रात्रीला लोक ऐकायला येत नाहीत, नाचायला आणि प्यायला येतात, म्हणून 19 टक्के भरा, असं करखात्याचं म्हणणं. 2020 मध्ये निकाल लागला. डीजे नुसत्या तबकड्या लावत नाही, टर्नटेबल आणि मिक्सर ही त्याची वाद्यं आहेत. लोक मुख्यतः त्याचं संगीत अनुभवायला येत असतील, तर ती मैफलच. तिकिटापेक्षा दारूचा गल्ला मोठा असला तरी त्याने काही ठरत नाही, असंही न्यायालयाने सांगितलं.

धुळ्या-जळगावच्या माणसाला हे वाचून आपल्या वरातीतला बँड आठवला नाही तर नवल. अहिराणी गाणं सुरू झालं की ज्यांचे पाय थांबत नाहीत, तेच लोक दुसऱ्या दिवशी त्याला धिंगाणा म्हणतात. रागदारी म्हणजे कला आणि डफ-ढोल म्हणजे गोंगाट, हे आपण कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून मान्य केलं? असा भेद न करता कलावंताचा विमा काढणारी एक कचेरी जर्मनीतच आहे, तिच्याकडे पुढे येतोच.

पण जर्मनी सगळ्या संगीताला एकाच मापाने मोजते, असं समजू नका. तिथे सरकारी पैशावर चालणारे 129 व्यावसायिक ऑर्केस्ट्रा आहेत. सरकारी नाट्यगृहांत आणि ऑपेरात तिकिटांतून खर्चाचा जेमतेम पाचवा हिस्सा निघतो. बाकीचा राज्यं आणि नगरपालिका भरतात, केंद्राचा वाटा लहान. म्हणजे ऑपेराला कधीही न जाणारा बसचालकसुद्धा ऑपेराची खुर्ची स्वस्त करतो. बर्लिनने 2025 च्या अंदाजपत्रकात संस्कृतीचे 130 दशलक्ष युरो कापले, तेव्हा सगळं शहर हादरलं. आपल्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या उत्सवाला कोणत्या अंदाजपत्रकाची भीती? श्रावणात रोट होतात, रात्रभर गाणी चालतात, भाऊबंद एकत्र येऊन खर्च उचलतात. भुलाबाईची गाणी तर खिरापतीवर भागतात. हा अभिमान मी सोडणार नाही. फक्त, ज्याचं पोट गाण्यावर आहे त्याचं खिरापतीवर भागत नाही, एवढं त्या अभिमानाशेजारी लिहून ठेवलं पाहिजे.

मला मनापासून हेवा वाटतो तो ऑपेराचा नाही, क्युन्स्टलर-सोत्सियाल-कासे या कचेरीचा. सगळे तिला केएसके म्हणतात. 1983 पासून चालू आहे, मुख्यालय विल्हेल्म्सहाफेनला. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या कलावंताला ही पेन्शन, आरोग्य आणि दीर्घकालीन शुश्रूषा अशा तिन्ही विम्यांत घेते. नोकरदाराचा अर्धा हप्ता मालक भरतो. गायकाला मालक नसतो, म्हणून तो अर्धा वाटा इथे केएसके उभा करते. एकूण रकमेतले 50 टक्के कलावंताचे, 30 टक्के कला विकत घेणाऱ्यांचे आणि 20 टक्के केंद्र सरकारचे. महिन्याला 1,000 युरो कमावणाऱ्या ढोलकीवाल्याला ढोबळमानाने 200 युरोंत तिन्ही विमे मिळतात.

त्यातले 30 टक्के जिथून येतात, ते मला सगळ्यांत जास्त पटतं. रेकॉर्ड कंपनी, वृत्तपत्र, जाहिरात कंपनी, कार्यक्रमाचे आयोजक, जो कोणी नेहमी कलावंतांना काम देतो त्याने मानधनावर वर्गणी भरायची. 2025 मध्ये तिचा दर 5 टक्के होता. कलावंत केएसकेचा सभासद नसला, अगदी भारतातून आलेला असला, तरी ती चुकत नाही. जर्मनीतल्या मराठी मंडळांची इथेच फसगत होते. गायक बोलावतात, विमान आणि हॉटेलचा हिशेब करतात आणि बाकीचं विसरतात. परदेशी कलाकाराचं मानधन एका कार्यक्रमाला 250 युरोंच्या वर गेलं, की 15 टक्के कर आणि त्यावरचा अधिभार आयोजकानेच कापून भरायचा असतो. गाण्यांच्या हक्कांसाठी गेमा या संस्थेला कार्यक्रमाआधी कळवायचं. बऱ्याच कार्यक्रमांचं शुल्क सभागृहाच्या चौरस मीटरवर आणि तिकिटाच्या दरावर ठरतं. कार्यक्रम झाला की गाण्यांची यादी संगीतकाराच्या नावासह द्यायची. यादी दिली नाही तर पैसे योग्य माणसापर्यंत पोचत नाहीत. आणि कानबाईच्या गाण्याला कर्ताच नाही, ते पिढ्यांचं आहे, म्हणून त्याच्या नावाने कोणालाच काही मिळत नाही. हे मला खटकतं.

केएसकेत शिरायचं तर कोणी तुमचं गाणं ऐकून गुण देत नाही. कचेरी पाहते ती पावत्या, करारपत्रं, कार्यक्रमाची पत्रकं, बँकेत आलेले पैसे. वर्षाला 3,900 युरोंच्या वर कमाई हवी. नव्याने धंद्यात उतरणाऱ्याला पहिली 3 वर्षं ही अट नाही. एखाद-दुसरं वर्ष पडकं गेलं तरी चालतं, 6 वर्षांत 2 वेळा सूट आहे. दर 1 डिसेंबरपर्यंत पुढच्या वर्षाच्या कमाईचा अंदाज कळवायचा. इथे लोक हप्ता वाचवायला आकडा कमी दाखवतात आणि म्हातारपणी तेवढीच बारीक पेन्शन हाती येते. शिवाय मधूनमधून तपासणी होते, मागच्या वर्षांचे आयकराचे कागद मागवतात आणि अंदाज वारंवार खोटा निघाला तर दंड बसू शकतो.

आपल्याकडे सरकार काहीच करत नाही, असं परदेशात बसून म्हणणारे खूप भेटतात. ते खोटं आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजना आहे, 2024 पासून महिन्याला सरसकट 5,000 रुपये. वय 50, कलेत 15 वर्षं आणि उत्पन्नाची अट. तमाशाच्या फडांना भांडवली आणि प्रयोग अनुदानही आहे. प्रश्न पुराव्याचा आहे. वहीगायन हे खान्देशी लोकगायन करणाऱ्या किंवा अमळनेरच्या यात्रेत ढोलकी धरणाऱ्या माणसाला मिळतो शेला, नारळ आणि रोख सुपारी, म्हणजे कार्यक्रमाची ठरलेली रक्कम. 15 वर्षांचे कागद तो आणणार कुठून? मग निवड समितीसमोर ओळख आणि आवड बोलते. कोणाची कात्रणं जाड, कोणाचं गाणं समितीला शोभिवंत वाटतं, यावर निकाल लागतो.

म्हणून गावाकडच्या कलावंतांना आणि त्यांच्या शिकलेल्या मुलांना सांगणं आहे. साधं पावतीपुस्तक घ्या. तारीख, गाव, कार्यक्रम, रक्कम, आयोजकाची सही. सुपारीतला निम्मा भाग तरी फोनवरून खात्यात घ्या. पत्रिकेचा आणि प्रयोगाचा फोटो त्याच दिवशी तारखेसह जपून ठेवा. यात्रा समितीकडून आणि ग्रामपंचायतीकडून दरवर्षी दाखला घ्या. 15 वर्षांनी मागाल तेव्हा सरपंच बदललेला असतो. फडाच्या नावावर सगळं लिहू नका, प्रत्येक वादकाचं नाव वेगळं हवं, कारण मानधन फडाला नाही, माणसाला मिळतं.

आणि मागणी करायचीच तर वर्गणीची करू. 40,000 च्या सुपारीवर 5 टक्के म्हणजे 2,000 रुपये. मंगल कार्यालयं, गणेश मंडळं, निवडणुकीच्या सभेला कलापथक नेणारे पक्ष, सगळ्यांनी ते कलावंताच्या विम्यात भरावेत. रोखीच्या व्यवहारात हे बुडेल, हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी सभागृहाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी देतानाच वर्गणीची पावती मागावी. ती परवानगी तशीही कोणाला चुकत नाही, आणि देणारा साहेब कार्यक्रमात भजन आहे की लावणी, हे पाहून 5 टक्के कमी-जास्त करू शकणार नाही.