दशमीचा मुक्काम

कल्याणच्या दुर्गाडीपासून वसईपर्यंत खाडीने कॅनू, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद होड्या, घेऊन जायला आम्ही ४ दिवस ठेवतो. ३ वल्ही मारायचे आणि १ थांबायचा. थांबायच्या दिवसावरून मला दर वेळी भांडावं लागतं. मोहिमेत नाव नोंदवणाऱ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो: "मॅडम, तो दिवस गाळला तर एक रजा वाचेल ना?"

हा दिवस फुकट मिळत नाही, हे त्यांना माहीत नसतं. कॅनडातल्या तळ्यांवर कॅनूने फिरणारे तळ्याचंच पाणी गाळून किंवा उकळून पितात. एक मुक्काम वाढला तर फक्त शिधा वाढतो. आमची खाडी खारी, आणि तिच्यात काय काय सोडलं जातं ते ठाणेकरांना सांगायला नको. आम्ही ८ माणसं, माणशी ५ लिटर. म्हणजे नुसतं बसून राहायच्या एका दिवसासाठी २० लिटरचे २ कॅन पहिल्या सकाळपासून होडीत वाहायचे. शिवाय भरती रोज पाऊणएक तास पुढे सरकते. खाडीकाठचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला ६, नवमीला पावणेसात, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. खाडीत आत ती त्याहून उशिरा पोचते. आम्हाला ओहोटीबरोबर निघायचं असतं, म्हणून एक दिवस थांबलं की निघणंही लांबतं, आणि दुपारचा पश्चिमेचा वारा तोंडावर यायच्या आत हाताशी उरणारे तास कमी होतात. एवढं मोजूनमापून मी तो दिवस ठेवते. त्याला कुणी वाया गेलेला म्हटलं की मला राग येतो.

या जानेवारीत अष्टमीला निघालो. माझा सहकारी, मी आणि ६ नवे. अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाण्याला ओढ कमी. नवख्यांना ते बरं, पण पाणी जेवढं कमी ओढतं तेवढं हाताला जास्त ओढावं लागतं. दुसऱ्या दिवशी मुंब्रा, कळवा मागे टाकून कशेळीच्या पुलाखालून जात होतो, तर वरून निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी आमच्या होडीपासून हातभर अंतरावर पडली. टाकणाऱ्याने खाली वाकून बघितलंही नाही. संध्याकाळी भिवंडीच्या बाजूला, खारबावजवळ, ओळखीच्या शेतकऱ्याच्या खाजणात तंबू लावले. समोरच्या काठावर घोडबंदरच्या टॉवरांचे दिवे, आमच्या काठाला तिवरं आणि काळोख.

जेवताना सहकारी म्हणाला, "हवा छान आहे, सगळे ताजेतवाने आहेत. उद्याच वसई गाठू या का?" मी विचारलं, "कोण कोण तयार आहे?" सहाही हात वर झाले.

मग मी बांधावर जाऊन वसईहून कॅनू परत आणणाऱ्या टेम्पोवाल्याला फोन केला. एक दिवस आधी येता येईल का? तो म्हणाला, "नाय जमणार ताई, उद्या दुसरं भाडं घेतलंय." मी परत आले आणि सांगितलं, "उद्या थांबायचं. ठरलंय ते ठरलंय."

सकाळी कुणाला घाई नव्हती. ओहोटीला चिखल उघडा पडला तशा निवट्या, चिखलातले मासे, उड्या मारायला लागल्या, दोघी तिथेच बसून त्या बघत राहिल्या. शेतकऱ्याच्या आईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुका जवळा पाठवला. मी भाकऱ्या वाटत होते. आमच्यातले सगळ्यात मोठे, बावन्न वर्षांचे काका, दोन दिवसांत एकदाही न कुरकुरलेले. त्यांनी भाकरी डाव्या हाताने घेतली. चहाचा पेलाही डाव्या हाताने उचलला, आणि तो हिंदकळला.

"काका, उजवा हात दाखवा."

"काही नाही हो मॅडम, जरा भरलाय."

मनगटाच्या चार बोटं वर, हाताच्या मागच्या बाजूला सूज होती. मी तिथे दोन बोटं ठेवली आणि अंगठा हलवायला सांगितलं. बोटांखाली नव्या कोल्हापुरी चपलेसारखी करकर जाणवली. स्नायूंच्या दोऱ्या एकमेकींवर घासून सुजल्या की अशी करकर लागते. माझ्या हाताला ती आधीही लागलेली आहे.

कारण मला लगेच कळलं, कारण ते मीच शिकवलेलं होतं. कॅनूत मागे बसणाऱ्याने एकाच बाजूला वल्हं मारलं की होडी दुसरीकडे वळते. ती सरळ ठेवायला प्रत्येक वल्ह्याच्या शेवटी अंगठा खाली वळवून पातं बाहेर ढकलायचं, त्याला ‘जे’ (J) स्ट्रोक म्हणतात. मिनिटाला २५ वल्ही धरली तरी तासाला १,५०० वेळा मनगट पिळलं जातं. मूठ सैल असेल तर निभतं. काकांची मूठ भीतीने आवळलेली होती. दोन दिवस मी पुढच्या होडीतून मागे वळून बघत होते, होडी सरळ येतेय एवढंच बघत होते. मुठीकडे बघायला हवं होतं.

ओलं फडकं गुंडाळून सूज थोडी उतरवली, मग कडक पट्टीचा आधार देऊन क्रेप बँडेज बांधलं. त्यांना विचारलं, "रात्री हात कशाला वर केलात?"

"सगळे निघतो म्हणत होते. माझ्या एकट्यासाठी कशाला थांबायचं?"

घोडबंदरच्या पुढे खाडी रुंदावते. समोरून वारा, आणि मागे बसलेल्याचा हात मध्येच सुटला तर होडी वाऱ्याला आडवी होते. त्यांच्या होडीत पुढे बावीस वर्षांची मुलगी होती, पहिल्यांदाच पाण्यावर आलेली. याच्यापुढे मी विचार करत नाही, तरी रात्री तो येतोच.

संध्याकाळी काकांना खारबाव स्टेशनवर सोडलं, दिवा जंक्शनकडे जाणाऱ्या गाडीत. एकादशीला त्यांच्या जागी मी बसले. त्या मुलीला पहिल्या तासात तीनदा म्हटलं, मूठ सैल सोड.

तीन आठवड्यांनी काकांचा फोन आला. हात बरा आहे, पुढच्या मोहिमेत माझं नाव घ्या. आणि म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही सगळ्यांचं न ऐकता थांबलात म्हणून वाचलो." मी "हो" म्हटलं आणि त्यांचं नाव लिहून घेतलं. टेम्पोवाल्याच्या फोनबद्दल मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.