गोठा अजून का ठेवलाय?

दरवर्षी तुम्ही तेच विचारता. 'नाताळ होऊन आठवडा उलटला, गोठा अजून का ठेवलाय?' गोठा म्हणजे येशूजन्माचा पेंढ्यातला, मूर्तींचा देखावा. मी म्हणते, बाळाला भेटायला तीन राजे यायचेत. तुम्ही हसता, मीही हसते. पुन्हा विचारलंत म्हणून यंदा नीट सांगते.

सहा जानेवारीचा हा प्रकटीकरणाचा सण आम्ही वसईत जवळच्या रविवारी करतो. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात 'राजे' नाहीत आणि 'तीन'ही नाहीत. बाळ येशूला शोधत पूर्वेकडून आलेले मागी आहेत, ताऱ्यांचे जाणकार, परके. त्यांनी आणलेली दानं तीन, म्हणून माणसंही तीन धरली. मला छळतात ते यरुशलेमचे शास्त्री, धर्मग्रंथांचे जाणकार. ख्रिस्त कुठे जन्मणार हे त्यांना तोंडपाठ होतं. बेथलेहेम तिथून जेमतेम नऊ किलोमीटर. शुभवर्तमानात त्यांच्यापैकी कोणी गेल्याचं लिहिलेलं नाही.

हे मला लहानपणापासून ठाऊक. तरीही.

काही वर्षांपूर्वी सणाच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या गोठ्यापाशी माझी पाळी होती. आवरतच होते. समोरच्या बांधकामावरचा एक मजूर आला, सोबत बायको, तिच्या कडेवर पोर. चपला त्याने पार फाटकाशी काढल्या होत्या. पायांवर सिमेंटचा पांढरा थर. खिशातून उदबत्तीचा चुरगळलेला पुडा काढून म्हणाला, 'यहाँ लगा दूँ?' मी म्हटलं, 'यहाँ नहीं चलता. बंद हो गया.' पोर उंटाकडे हात करत होती. त्याने पुडा खिशात घातला, बाळ येशूला लांबूनच हात जोडले आणि गेला.

पेंढा होता हो सगळा! ठिणगी पडली असती तर तुम्हीच म्हणाला असतात, लक्ष कुठे होतं? पण खरं सांगू? पेंढा मला नंतर सुचला. तेव्हा फक्त घरी जायचं होतं. आणि 'आपल्यातले' नव्हते ते.

दुसऱ्या दिवशी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलचं पहिलं वाचन माझंच. यशया संदेष्ट्याचं पुस्तक, साठावा अध्याय: 'ऊठ, प्रकाशमान हो.' पुढे उंटांचे तांडे येतात, शबा देशाहून लोक सोनं आणि ऊद घेऊन येतात. 'ऊद' शब्दाशी आवाज अडकला. लोकांना वाटलं, घसा बसलाय.

त्याला पेंढ्याशी उदबत्ती लावू द्यायला हवी होती का? आजही देणार नाही. पण बाहेर जागा दाखवता आली असती, पोरीला उंट जवळून पाहू देता आला असता.

आता गोठ्याबाहेर मी वाळूचं घमेलं ठेवते. मंडळी विचारतात, हे कशाला? अजून त्यात कोणी उदबत्ती लावलेली नाही. गेल्या वर्षी कोणीतरी पानाची पिचकारी मात्र मारून गेलं.